शिवारावरून जाणारं छोटं विमान वाट कशी ओळखतं? आणि ते आपल्या वावरात उतरलं तर काय करायचं?

नंदुरबार : वावरात काम चालू असताना डोक्यावर घरघर ऐकू येते. पोरं ‘इमान, इमान’ ओरडत खळ्यावर पळतात. हे विमान मोठ्या विमानासारखे पांढरी रेघ ओढत उंचावरून निघून जात नाही. पंख दिसतात, चाके दिसतात, कधी कधी शेपटीवरची अक्षरेही ओळखू येतात. मग पारावर चर्चा सुरू होते. सर्वेचे विमान आहे का? पोलिसांचे आहे का? रस्ता तर चुकले नाही ना?

बहुतेक वेळा उत्तर साधे असते. आत एखादा शिकाऊ किंवा खासगी वैमानिक बसलेला असतो आणि तो एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळाकडे निघालेला असतो. या प्रवासाला ‘क्रॉस-कंट्री’ उड्डाण म्हणतात. वरून त्याला जो रस्ता दिसतो, तो म्हणजे आपली तापी, आपले रेल्वे रूळ, आपली धरणे आणि डोंगर. इंजिनाने दगा दिला तर त्याची धावपट्टी म्हणजे आपलेच वावर, आणि सर्वात आधी धावून जाणारी माणसेही आपल्याच गावची. म्हणून हे विमान काय करते, हे तापीकाठच्या गावांनी समजून घेतलेले बरे.

ही विमानं येतात कुठून?

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. पण आजूबाजूला आहेत. शेजारच्या शिरपूर तालुक्यात तांडे शिवारात धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी संस्था चालते. धुळ्यात गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते. १९२८ साली स्थापन झालेला हा क्लब देशातल्या सर्वात जुन्या फ्लाइंग क्लबांपैकी एक आहे. जळगाव विमानतळावरही प्रशिक्षणाची विमाने असतात. पश्चिमेला सुरत आहे. नंदुरबार शहरापासून सरळ रेषेत मोजले तर शिरपूरची धावपट्टी साधारण ७५ किलोमीटरवर आणि सुरतचा विमानतळ १६० किलोमीटरच्या आसपास आहे. छोट्या विमानाला हे अंतर काहीच नाही.

या कामाला वापरली जाणारी विमाने दोन किंवा चार जणांची असतात. सेसना १७२ हे त्यातले सर्वात ओळखीचे नाव. १९५६ पासून ते बनते आहे. एक इंजिन, पुढे एक पंखा, चार सीटा. माणसे, सामान आणि इंधन धरूनही त्याचे वजन साधारण ११०० किलोच्या घरात राहते, म्हणजे एका छोट्या कारएवढे. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने ते जाते आणि तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पिते. हे इंधन म्हणजे पंपावरचे पेट्रोल नव्हे. ‘अॅव्हगॅस’ नावाचे विमानाचे वेगळे पेट्रोल असते. दोन सीटांची सेसना १५२ किंवा टेकनाम कंपनीची विमाने याहून हलकी असतात.

क्रॉस-कंट्री म्हणजे नेमकं काय?

विमान शिकताना मुलगा किंवा मुलगी आधी धावपट्टीभोवतीच फिरते. उडायचे, वळसा घ्यायचा, उतरायचे, पुन्हा उडायचे. आधी शेजारी प्रशिक्षक असतो. हात बसला की एक दिवस प्रशिक्षक खाली उतरतो आणि म्हणतो, आता तू एकट्याने जा.

त्याच्या पुढची पायरी क्रॉस-कंट्री. घरची धावपट्टी नजरेआड करायची, दुसऱ्या गावी जाऊन उतरायचे आणि परत यायचे. सायकल शिकलेल्या पोराने अंगणातून निघून तालुक्याच्या बाजाराला एकट्याने जाऊन येण्यासारखेच हे आहे. सायकल येते का, एवढाच प्रश्न तिथे उरत नाही. रस्ता माहीत आहे का, पंक्चर झाली तर काय, पाऊस आला तर कुठे थांबायचे, हे सगळे त्यात येते.

नियमही तसेच आहेत. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी, किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात किमान ५ तास एकट्याने केलेले क्रॉस-कंट्री हवे. त्यातला एक प्रवास १५० नॉटिकल मैलांपेक्षा कमी नको आणि त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे हा प्रवास झाला साधारण २७८ किलोमीटरचा. पगारी वैमानिक व्हायचे असेल तर एकूण २०० तास लागतात आणि एक प्रवास ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, करावा लागतो.

खासगी परवाना असलेल्या माणसाला विमान चालवता येते, सोबत माणसेही नेता येतात, पण त्याचे भाडे घेता येत नाही. स्वतःची जीप असणे वेगळे आणि काळी-पिवळी चालवणे वेगळे, तसेच हे.

नकाशावर एक रेघ : शिरपूर ते सुरत

वैमानिक वाट कशी ठरवतो, हे समजायला एक उदाहरण घेऊ. नकाशावर पट्टी ठेवून शिरपूरच्या धावपट्टीपासून सुरतच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती साधारण २३० किलोमीटरची होते. (प्रत्यक्ष मार्ग त्या दिवशीची परवानगी आणि हवामान बघून ठरतो. ही रेघ फक्त समजण्यासाठी.)

ताशी १८५ किलोमीटर वेग आणि वारा नाही असे धरले, तर हिशोब असा होतो:

- साधारण १३ मिनिटांनी उजव्या हाताला दोंडाईचा.
- २४ मिनिटांच्या सुमाराला उजवीकडे नंदुरबार शहर, रेघेपासून दहा-बारा किलोमीटर लांब.
- ४० मिनिटांनी डाव्या अंगाला नवापूर.
- ४६ मिनिटांच्या आसपास उजवीकडे उकाईचे धरण आणि त्याचे पसरलेले पाणी.
- ५३ मिनिटांनी डावीकडे व्यारा.
- सव्वा तासाच्या सुमाराला सुरत.

हीच वाट एसटीने केली तर दिवसाचा मोठा भाग जातो.

वैमानिक हे सगळे आधी कागदावर लिहून ठेवतो. कोणत्या मिनिटाला कोणती खूण दिसली पाहिजे, हे त्याला निघण्याआधीच माहीत असते. उड्डाण सुरू झाले की घड्याळ, होकायंत्र आणि खिडकीतून दिसणारी जमीन, या तिघांचा मेळ घालत तो पुढे जातो.

खुणा निवडण्याचीही एक रीत आहे. वरून छोटी गावे एकसारखीच दिसतात. पत्र्याची घरे, एक देऊळ, एक पाण्याची टाकी. त्यामुळे गावावर फार भरवसा ठेवत नाहीत. नदी, रेल्वे, मोठे धरण, महामार्ग आणि डोंगराची कड या पक्क्या खुणा. आपला भाग त्याबाबत श्रीमंत आहे. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेजमुळे पाणी अडलेले असते, ते उन्हात लांबून चमकते. भुसावळ–सुरत रेल्वेमार्ग दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा जातो. उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे. रस्ता चुकल्यासारखे वाटले तर रूळ शोधायचा आणि तो धरायचा, ही युक्ती विमानाच्या पहिल्या दिवसांपासून चालत आली आहे.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलमध्ये नकाशा आहे ना? आहे. विमानातही जीपीएस असते आणि बरेच वैमानिक टॅबलेटही वापरतात. पण वावरातून घरी येताना बॅटरी संपली तर माणूस घरचा रस्ता विसरत नाही. वैमानिकालाही तसेच पक्के शिकवतात. यंत्र बंद पडले तरी कागद, घड्याळ आणि डोळे यांच्यावर घरी परत येता आले पाहिजे.

एका अंशाची चूक किती महागात पडते?

वैमानिकांचा एक सोपा हिशोब आहे. दिशा एका अंशाने चुकली, तर ६० किलोमीटर गेल्यावर विमान वाटेपासून १ किलोमीटर बाजूला गेलेले असते. पाच अंश चुकले आणि शिरपूरहून सुरतकडे तसेच जात राहिले, तर शेवटी विमान जवळपास १९–२० किलोमीटर भलतीकडे पोहोचते.

त्यात वाऱ्याची भर पडते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून येतो. पश्चिमेला निघालेल्या विमानाला तो समोरून अडवतो आणि उत्तरेकडे, म्हणजे सातपुड्याच्या बाजूला, ढकलतो. होडी तापी ओलांडताना नावाडी नाक थोडे वरच्या अंगाला ठेवतो, तेव्हा ती समोरच्या घाटाला लागते. वैमानिकही विमानाचे नाक वाऱ्याकडे थोडे वळवून ठेवतो. खालून बघणाऱ्याला विमान तिरके चालल्यासारखे दिसते, ते यामुळे.

आणि उत्तरेला सरकणे साधी गोष्ट नाही. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंच आहे. अस्तंबा शिखर १३०० मीटरहून उंच, म्हणजे ४३०० फुटांच्या आसपास. तीन हजार फुटांवरून सपाटीवर आरामात जाणारे विमान ढगात शिरून तिकडे सरकले तर समोर डोंगर उभा असतो. म्हणून नियम कडक आहेत. नजरेने वाट ओळखत उडणाऱ्या वैमानिकाला साधारणपणे किमान ५ किलोमीटरपर्यंतचे स्वच्छ दिसले पाहिजे आणि ढगांपासून अंतर राखले पाहिजे. सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी अशा उड्डाणांची वेळ संपते आणि ती सूर्योदयाच्या २० मिनिटे आधी पुन्हा सुरू होते. शिवाय लांबच्या उड्डाणाआधी मार्गाचा आराखडा द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाची परवानगी घ्यावी लागते. मनात आले आणि उडाले, असे चालत नाही.

खान्देशचं ऊन आणि विमान

उन्हाचाही विमानाला त्रास होतो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद घटते. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी तेच विमान तेवढ्याच वजनाला जास्त लांब धावून उडते आणि हळूहळू वर चढते. नांगरून पडलेली काळी जमीन तापून गरम हवेचे लोट वर सोडते. त्यातून जाताना छोटे विमान खड्ड्यातल्या रिक्षासारखे उसळते. म्हणून प्रशिक्षणाची विमाने सकाळची वेळ धरतात. हिवाळ्याच्या पहाटे नदीकाठी धुके असते, तेव्हा ते विरायची वाट पाहावी लागते.

शेतात काडीकचरा पेटवला की धूर निघतो. त्याने लांबचे दिसणे कमी होते. पण त्याच धुरावरून खाली वारा कुठून कुठे वाहतोय हेही वैमानिकाला कळते. अडचणीत जमिनीवर उतरायची वेळ आली तर ही माहिती मोलाची ठरते.

बैलगाडीवरून पेट्रोल

आपल्या देशात हे वेड जुने आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, त्याचा क्रमांक होता १. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, आगाखान यांनी लावलेल्या एका बक्षिसासाठी चुरस झाली. इंग्लंड आणि भारत यांच्यामधले अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले. अॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिकडून इकडे येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अॅस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. टाटांनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला दिले. अॅस्पी आधी पोहोचला, बक्षीस त्याने जिंकले आणि पुढे तो भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन ‘पुस मॉथ’ या छोट्या विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. भारतातल्या नियमित विमानसेवेची सुरुवात त्या उड्डाणापासून मानतात. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीवरून. वाट दाखवायला आजच्यासारखी यंत्रे नव्हती. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीने त्याची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत छोटे विमान आणले. याच आरोहीने २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला होता. असे करणारी ती जगातली पहिली महिला ठरली.

इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडतं का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे. इंजिन बंद पडले तरी पंख असतात. घारीसारखे ते विमान तरंगत खाली येते. सेसना १७२ सारखे विमान एक किलोमीटर उंचीवर असेल तर साधारण नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकते. तीन हजार फुटांवर असेल तर आठेक किलोमीटर. वैमानिकाच्या हातात मोजकी मिनिटे असतात. तेवढ्यात जागा निवडायची, इंजिन पुन्हा सुरू होते का बघायचे, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ म्हणून मदत मागायची आणि उतरायचे. म्हणूनच चांगला वैमानिक सगळे ठीक चालू असतानाही मनात विचारत असतो, आत्ता इंजिन बंद पडले तर मी कुठे उतरेन?

वरून तो काय शोधतो? कापणी झालेले, सपाट, लांब वावर. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि सऱ्यांच्या लांबीने उतरता येईल असे. ऊस, केळी, पपईची उभी बाग त्याला नको असते. पावसाने भिजलेली काळी जमीनही नको, कारण पुढचे चाक रुतले की विमान उलटते. सर्वात जास्त भीती विजेच्या तारांची. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही.

असे प्रसंग आपल्या आसपास घडले आहेत. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या रानात कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. तिथपर्यंत ॲम्ब्युलन्स जाईल असा रस्ता नव्हता. पाऊस-पाण्याचे दिवस होते. आवाज ऐकून धावले ते परिसरातले आदिवासी बांधव. एका भिल्ल माऊलीने अंगावरचे लुगडे सोडून दिले. त्याची झोळी करून जखमी मुलीला लोकांनी रानाबाहेर आणले. तिचा जीव वाचला, त्यात या झोळीचा वाटा मोठा होता.

दुसऱ्या वर्षी, २५ जुलै २०२२ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण विमान कोसळले. आत एकटी शिकाऊ तरुणी होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. तिथेही मदतीला आधी पोहोचले ते आजूबाजूचे शेतकरीच.

आपल्या वावरात विमान उतरलं तर?

शहरातल्या विमानतळावर अग्निशमनाची गाडी तयार असते. वावरात पहिली मदत म्हणजे आपणच. अशा वेळी पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- आधी फोन. ११२ वर फोन करा, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा. गावाचे नाव, शिवाराचे नाव आणि जवळचा रस्ता सांगा. मोबाईलवरून ठिकाणाचे लोकेशन पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला पाठवा. आडरानात यानेच वेळ वाचतो.
- विडी-सिगारेट, काडीपेटी लांब. विमानाचे इंधन पंखांच्या टाक्यांत असते. टाकी फुटली तर ते जमिनीवर सांडते. एका ठिणगीने पेट घेते.
- पंख्यासमोर जाऊ नका. इंजिन बंद असले, पंखा स्थिर दिसत असला, तरी त्याला हात लावू नका. तो अचानक फिरू शकतो. विमानाकडे मागून किंवा बाजूने जा.
- तार तुटली असेल तर थांबा. विजेची तार विमानाला अडकली असेल तर आधी वीज बंद करायला सांगा. तोवर विमानाला स्पर्श नको.
- जखमीला ओढू नका. आग किंवा धूर असेल तर लगेच बाहेर काढायलाच हवे. नसेल तर मान आणि पाठ हलू न देता धीर द्या, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा आणि मदतीची वाट पाहा. रस्ताच नसेल तर खाट, लाकडी दार किंवा झोळीवर, चौघांनी एका लयीत उचलून न्या.
- लाल-पिवळ्या धोक्याच्या खुणा बघा. काही हलक्या विमानांत छोट्या रॉकेटच्या जोरावर उघडणारे पॅराशूट असते. अशी खूण दिसली तर तिथली दोरी, दांडा किंवा झाकण ओढू नका.
- तुकडे उचलू नका. घरी नेऊ नका, भंगारात देऊ नका. केंद्र सरकारचा विमान अपघात तपास विभाग याच तुकड्यांवरून कारण शोधतो. माणसे वाचवायला जेवढे हलवावे लागेल, तेवढेच हलवा.
- गर्दी आवरा. बघ्यांच्या मोटारसायकली रस्त्यावर लागल्या की ॲम्ब्युलन्स अडते. दोन जाणत्या माणसांनी रस्ता मोकळा ठेवायची जबाबदारी घ्यावी.
- जखमींचे व्हिडिओ फिरवू नका. आतल्या माणसाच्या घरच्यांना बातमी अजून कळलेली नसते. ती त्यांना व्हॉट्सॲपवरून कळू नये.

आणि विमान नुसतेच खालून गेले, घिरट्या घातल्या, तर घाबरायचे कारण नाही. उतरायचा सराव करताना विमान मुद्दाम इंजिन मंद करून खाली येते आणि पुन्हा वर जाते. लगेच ‘विमान पडले’ असा मेसेज टाकू नये. मात्र इंजिनाचा आवाज अडखळत बंद झाला आणि विमान झाडांच्या रेषेआड जाऊन परत वर आले नाही, तर ११२ वर कळवायला कचरू नये.

ड्रोन आणि पक्ष्यांचं भान

आता फवारणीचे ड्रोन गावोगावी आले आहेत. ड्रोनच्या नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांच्या खालीच ड्रोन उडवायचा असतो. विमानतळाजवळ बंधने जास्त आहेत. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघून आपले शेत कोणत्या क्षेत्रात येते ते तपासता येते. फवारणी चालू असताना छोटे विमान खालून येताना दिसले, तर ड्रोन ताबडतोब खाली घ्यावा. धावपट्टीच्या परिसरातल्या गावांनी मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत. त्यावर घारी आणि कावळे जमतात आणि ताशी दीड-दोनशे किलोमीटरने येणाऱ्या विमानाला एक घारसुद्धा काच फोडायला पुरते.

आपल्या पोरांना हे शिकता येईल का?

येईल. खासगी परवान्यासाठी दहावी पास आणि वय १७ पूर्ण असावे लागते. शिकाऊ परवाना १६व्या वर्षी मिळू शकतो. पगारी वैमानिक व्हायचे असेल तर वय १८ आणि बारावीत भौतिकशास्त्र व गणित हवे. हे विषय सुटले असतील तर मुक्त विद्यालयातून पुन्हा देता येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवलेल्या डॉक्टरांकडून तपासणी होते. चष्मा असला म्हणजे दार बंद, असे नाही. हवामान, दिशाज्ञान, नियम आणि विमानाची यंत्रणा यांच्या लेखी परीक्षा असतात. रेडिओवर बोलण्यापुरते इंग्रजी यावे लागते.

खरा डोंगर पैशाचा आहे. पगारी वैमानिकाच्या परवान्याचा खर्च साधारण पन्नास लाखांच्या आसपास, कधी त्याहून जास्त जातो. तो परवडणारी घरे आपल्याकडे किती, हे सांगायला नको. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्याच्या ‘महाज्योती’ संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत असे प्रशिक्षण राबवले आहे. शैक्षणिक कर्ज मिळते, पण ते घेण्याआधी एक गोष्ट करावी. आधी डॉक्टरी तपासणी पूर्ण करून घ्यावी. तब्येतीत अडचण निघाली तर भरलेली फी अडकते. आणि संस्था निवडताना तिच्या मान्यतेची खात्री महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच करावी, एजंटच्या शब्दावर नको.

ज्यांना वैमानिक व्हायचे नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. ११२ आणि १०८ हे दोन क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये असावेत, आणि आपल्या शिवाराचे लोकेशन कसे पाठवायचे हे घरातल्या एकाला तरी यावे. विमान रोज पडत नाही. पण साप चावला, विहिरीत कुणी पडले, ट्रॅक्टर उलटला, तरी कामाला येणार ते हेच.